विलापगीत गाताना या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडच्या आपल्या गायकवृंदातली बरीच मुले भजनाची पेटी ऐकत वाढलेली असतात. त्यामुळे पवित्र आठवड्यासाठी (ईस्टरच्या आधीचा आठवडा) यिर्मयाचे विलापगीत, म्हणजे बायबलमधले शोककाव्य, बसवायला घेतले की पेटीवाल्याचा हात आपोआप कोमल गंधारावर जातो. दुःख म्हटले की भैरवी, ही सवय. इथेच चाल बिघडते. रोमन परंपरेतली ही चाल सहाव्या मोडमधली (चर्चच्या जुन्या आठ स्वरपद्धतींपैकी सहावी) आहे: सा, रे, शुद्ध ग आणि वर शुद्ध मध्यमाचा स्पर्श. बहुतेक शब्द गंधारावरच म्हणायचे आणि ओळ संपताना सा वर उतरायचे. पेटीवर एकदा वाजवून बघा, एकही कोमल स्वर लागत नाही. तरी नीट गायले तर घसा दाटून येतो, कारण ओळीच्या मध्ये घेतलेला तो थांबा. म्हणून घाई नको आणि ठेका तर अजिबात नको. तबला घरी ठेवा. मी सा देऊन पेटीचा भाता बंद करतो.

दुसरी चूक मला फार लागते. प्रत्येक कडव्याआधी गायची ‘आलेफ, बेथ, गिमेल’ ही हिब्रू अक्षरे ‘अर्थ नाही’ म्हणून गाळतात. मूळ काव्य अकारविल्हे रचलेले आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२ अक्षरांची २२ कडवी, तर तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे ६६. चालीत सुरांची लांब वेलांटी याच अक्षरांवर येते. ‘आलेफ’ हजेरी घेतल्यासारखे उरकू नका.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे कन्नड शाळेतली मुले मराठी ओळी कन्नड लिपीत उतरवून घेतात. शेवटच्या अक्षराला हलन्त द्यायचे राहिले की ‘नगर’चे ‘नगरऽ’ होते आणि अख्खी ओळ अर्ध्या मात्रेने लांबते. सरावाआधी वह्या तपासा.

जुन्या पद्धतीने टेनेब्रे (मेणबत्त्या एकेक विझवत करायची पवित्र आठवड्यातली प्रार्थना) करणार असाल, तर १५ मेणबत्त्या लागतात. १४ स्तोत्रे, प्रत्येकानंतर एक विझवायची. सगळे ट्यूबलाइट एकदम बंद करू नका, अंधार हळूहळू दाटू द्या. पंधरावी मात्र फुंकायची नाही. ती पेटतीच वेदीमागे लपवायची आणि शेवटी बाके आपटल्याचा आवाज झाला की परत आणून जागेवर ठेवायची. वेदीमागे उभ्या राहणाऱ्या मुलाला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.