घरातील जुने कागद आणि आठवणी कशा जपाव्यात

कोल्हापुरात इतिहास चौकाचौकांत भेटतो. मात्र संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या आदेशानंतर कोणाच्या घरात पहिली नोकरी आली, हे त्या घरच्या ट्रंकेतील नेमणुकीच्या कागदावरूनच कळू शकते, आणि असे कागद वाडा पाडताना सर्रास रद्दीत जातात.

ट्रंक उघडल्यावर कागद लगेच वेगळे करू नयेत. कोणता कागद कोणाशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते, म्हणून आधी आहे त्याच क्रमाने फोटो काढावेत. मग गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी पूर्णपणे टाळावी, कारण त्यांनी झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. जुन्या दप्तरांप्रमाणे धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल बांधणे आजही योग्यच आहे. मोडीतील कागद वाचता येत नाही म्हणून टाकू नये. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि संशयित शब्दांपुढे प्रश्नचिन्ह तसेच राहू द्यावे.

पंचगंगेचा २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या शहरात ट्रंक तळमजल्यावर ठेवणे धोक्याचे आहे. कागद भिजलेच तर कडक उन्हात न टाकता सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्ये टिपकागद घालून वाळवावेत. बुरशी दोन दिवसांतही धरते, त्यामुळे ढीग मोठा असल्यास उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि सवडीने थोडे थोडे वाळवावेत.

सर्वांत निकडीचे काम मात्र माणसांचे आहे. आजी-आजोबांसमोर फोटो ठेवून, त्यांची परवानगी घेऊन बोलणे रेकॉर्ड करावे. फोटोत कोण आहे याबरोबरच कोण नाही आणि का, हेही विचारावे. मिळालेली नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहावीत. भाऊबंदकीचा दावा किंवा कर्जाचा रोखा अवघड वाटतो म्हणून काढून टाकू नये. तो कोणाला दाखवायचा एवढेच घरात ठरवावे, कारण निवडून ठेवलेल्या अभिमानाच्या कागदांतून पुढच्या पिढीला घराण्याची खरी ओळख होणार नाही.

स्कॅनची एक प्रत पूररेषेबाहेरच्या नातेवाइकांकडे ठेवावी. मूळ कागद पुराभिलेखागाराला किंवा संग्रहालयाला द्यायचे ठरल्यास ते कोणाला, कोणत्या अटींवर पाहता येतील, हे आधी लेखी घ्यावे आणि रेकॉर्ड केलेल्या आठवणीही सोबत द्याव्यात.