सर्जनचे रिसर्च पेपर आणि सायटेशन कसे तपासायचे

हॉस्पिटलच्या वेबसाईटवर डॉक्टरांच्या फोटोखाली '१५० हून जास्त आंतरराष्ट्रीय पब्लिकेशन्स' असं लिहिलेलं असतं, आपण वाचतो, भारी वाटतं आणि पुढे जातो. पण कुणाला पीजीसाठी गाईड निवडायचा असतो, कुणाला बातमी लिहायची असते, कुणाच्या घरी मोठं ऑपरेशन ठरलेलं असतं आणि डॉक्टर म्हणतात की या विषयावर माझंच संशोधन आहे, अशा वेळी त्या १५० मध्ये नेमकं आहे तरी काय ते बघावंसं वाटतं. थोडा निवांत वेळ काढला तर बऱ्यापैकी कळतं, पैसे लागत नाहीत आणि मेडिकलची डिग्री तर नाहीच नाही.

एक आधीच सांगून टाकतो. यातून संशोधन कळेल, हात कसा आहे ते कळणार नाही. उत्तम ऑपरेशन करणारे कित्येक सर्जन पेपरच्या वाटेलाही जात नाहीत. ऑपरेशनसाठीच डॉक्टर शोधत असाल तर 'हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता' हे समोर बसून विचारा, ते कुठल्या डेटाबेसमध्ये सापडत नाही.

पायरी १: माणूस तोच आहे ना?

पबमेड उघडा. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा हा डेटाबेस सगळ्यांना फुकट आहे. आडनाव टाकायचं, पुढे नावाची अद्याक्षरं. आणि इथंच पहिला घोळ होतो, कारण पाटील, जोशी, शिंदे, कुलकर्णी ही आपली आडनावं. 'पाटील एस' टाकलंत की भूलतज्ज्ञ, दातांचे डॉक्टर, वनस्पतीशास्त्रवाले सगळे एकाच यादीत येऊन बसतात. शिवाय काहीजण वडिलांचं अद्याक्षर लावतात, काही नाही, चौधरीचं स्पेलिंग तर माणसागणिक वेगळं. आणि लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर त्या डॉक्टरांचं निम्मं काम माहेरच्या नावावर पडलेलं असतं, ते मोजायचं राहूनच जातं.

म्हणून नावासोबत हॉस्पिटल किंवा शहर टाका, नेहमीचे सहलेखक बघा. जुन्या पेपरांत बहुतेक वेळा फक्त पहिल्या ऑथरचाच पत्ता दिलेला असतो, तेवढं लक्षात ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक. हा १६ आकडी नंबर २०१२ पासून मिळतो, ज्याचा त्याचा वेगळा, एकदा तो सापडला की नावाचा गोंधळ बराचसा मिटतो. अर्थात डॉक्टरांनी तो काढून यादी भरलेली असली तरच.

पायरी २: आकडा सोडा, प्रकार बघा

१५० मध्ये काय काय असतं? एका दुर्मिळ पेशंटची केस रिपोर्ट, संपादकाला पत्र, 'आमच्या विभागात १० वर्षांत झालेल्या शस्त्रक्रिया' अशी जुन्या फायली काढून केलेली सिरीज, रिव्ह्यू म्हणजे आधीच्या पेपरांचा आढावा, आणि कधीतरी एखादी रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कुणाला कुठला उपचार ते चिठ्ठी टाकून ठरवून केलेली तुलना. सगळं एकेकच मोजलं जातं. पबमेडमध्ये डाव्या बाजूला लेखाचा प्रकार निवडायची सोय आहे, तिथं ट्रायलवर टिक केलं की दीडशेची यादी कधी कधी तीनवर येते. मेडिकल कॉलेजात प्रमोशनला पेपर लागतात हे तर सगळ्यांनाच माहीत आहे, त्यामुळे मुलाखतीच्या आधीच्या वर्षात अचानक पेपरांचा पाऊस पडलेला दिसला तर फार आश्चर्य वाटून घेऊ नका.

पण सर्जरीत ट्रायल कमी असतात याला कारणंही खरी आहेत. गोळीच्या ट्रायलमध्ये खोटी गोळी देता येते, खोटं ऑपरेशन कुणावर सहजासहजी करता येत नाही. आणि चिठ्ठी टाकून ठरवू की तुमची मान आत्ता उघडायची की नंतर, याला पेशंट तयार व्हावा लागतो.

हे मानेचं उदाहरण उगाच नाही दिलं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असेल, मानेत गाठ लागत नसेल, तर मूळ ऑपरेशनच्या वेळीच मानेतल्या लिम्फ ग्रंथी काढायच्या की थांबायचं आणि गाठ आली तर काढायच्या, यावर सर्जन लोकांत कित्येक वर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००४ ते २०१४ मध्ये ५९६ पेशंट घेऊन ट्रायल झाली, पहिल्या ५०० जणांचे निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले, पहिले ऑथर डॉ. अनिल डिक्रूझ. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण आधीच ग्रंथी काढलेल्यांत ८० टक्के, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. असा एक पेपर यादीत असला की उरलेले १४९ जरा बाजूला ठेवून तोच वाचायचा.

पायरी ३: नाव कितव्या नंबरवर आहे

मेडिकलमध्ये साधारण रिवाज असा की पहिलं नाव काम करणाऱ्याचं, शेवटचं नाव प्रोजेक्ट उभा करणाऱ्या सीनियरचं, आणि मधली नावं थोडाफार हातभार लावणाऱ्यांची, त्यात कधी कधी हातभार न लावणाऱ्या एचओडी म्हणजे विभागप्रमुख सरांचंही. याला गिफ्ट ऑथरशिप म्हणतात, चालत नाही असं सगळे नियम सांगतात आणि तरी चालते. तर यादीतून जाताना एका कागदावर तीन रकाने करा, पहिला, शेवटचा, मधला, आणि खुणा करत जा. २५ वर्षं प्रॅक्टिस झालेला माणूस सगळीकडे मधेच असेल तर त्या संशोधनाची गाडी दुसरंच कुणीतरी हाकतंय.

शेवटच्या नावाचं वजन बघायचं तर सर्जिकल सेफ्टी चेकलिस्टचा, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी चुका टाळायला टीमने तपासायच्या यादीचा, २००९ चा पेपर बघा. पहिलं नाव हेन्सचं, शेवटचं अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांचं, ज्यांचे वडील डॉ. आत्माराम गवांदे मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे. प्रकल्पाचं नेतृत्व गवांदेंचं होतं, तरी पेपर 'हेन्स आणि इतर' म्हणूनच ओळखला जातो.

आता मोठ्या ग्रुपचे पेपर. कोविडसर्ज नावाच्या जागतिक गटाच्या २०२१ च्या एका पेपरला १५,०२५ ऑथर होते, गिनीज बुकात नोंद आहे. वॉर्डात पेशंटची माहिती भरणाऱ्या रेसिडेंटलाही त्यात श्रेय मिळालं, ते चांगलंच झालं, पण तोच पेपर बायोडेटात 'माझा' म्हणून आला तर तुम्हाला माहीत असावं.

पायरी ४: सायटेशन आणि एच इंडेक्स

सायटेशन म्हणजे तुमच्या पेपरचा उल्लेख दुसऱ्या कुणीतरी आपल्या पेपरच्या संदर्भयादीत करणं, एवढंच. एच इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या फिजिक्सवाल्याने काढला, तो ५ असेल तर किमान ५ पेपरांना प्रत्येकी किमान ५ सायटेशन आहेत. काढायचा कसा ते बघा. समजा एका सर्जनचे ७ पेपर आहेत आणि सायटेशन उतरत्या क्रमाने ९०, ४१, १२, ६, ५, ३, ०. वरून मोजत यायचं, पाचव्या पेपरला ५ आहेत, म्हणजे पाचपर्यंत जमलं, सहाव्याला ६ हवे होते पण ३ च आहेत. म्हणून एच इंडेक्स ५. आता गंमत अशी की पहिल्या पेपरला ९० च्या जागी ९,००० असते तरी इंडेक्स ५ च राहिला असता. एकच पण जग बदलणारं काम केलेल्या माणसावर हा इंडेक्स अन्याय करतो आणि वर्षानुवर्षं बेताचे पेपर टाकत राहणाऱ्याला वर आणतो.

आकडा बघायचा तर गूगल स्कॉलर आणि स्कोपस हे पेपर-सायटेशनचे दोन डेटाबेस बास, स्कोपसचं ऑथर प्रोफाईल फुकट दिसतं. दोन्हीकडे आकडे वेगळे येणार, घाबरू नका. गूगल स्कॉलर हे थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीच टाकलेले पेपर), काय वाट्टेल ते मोजतं म्हणून तिथं बहुतेक वेळा जास्त दिसतं, आणि तिथलं प्रोफाईल ज्याचं तो स्वतः बनवतो, त्यात नामसाधर्म्याने दुसऱ्याचे पेपर घुसलेले असतात आणि ते काढायची कुणाला घाई नसते. स्वतःच स्वतःला साइट केलेलं वगळायचं असेल तर स्कोपसमध्ये सोय आहे, पण ती कॉलेज लायब्ररीच्या लॉगिनवरून बघा.

पायरी ५: तुलना कुणाशी?

हर्नियावाल्याची तुलना हर्नियावाल्याशी, कॅन्सरवाल्याची कॅन्सरवाल्याशी. कॅन्सरवर जगभर लिहिणारेच जास्त, त्यामुळे सायटेशनही जास्त पडतात. वयही बघा, एच इंडेक्स कधी खाली येत नाही, रिटायर झाल्यावरही चढतो. पहिला पेपर आल्यापासून किती वर्षं झाली त्याने एच इंडेक्सला भागलं की थोडा न्याय होतो. एकेका पेपरसाठी एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची आयसाईट (iCite) ही फुकट साईट आहे, ती त्याच विषयातल्या इतर पेपरांशी तुलना करून आकडा देते, १ म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांच्या बरोबर मधला. मला यातल्या त्यात हा आकडा बरा वाटतो.

'जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत' अशी बातमी फोटोसकट दरवर्षी येते. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून करतात, पुरस्कार वगैरे काही नाही. त्यात संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी, बातमीत बहुधा कुठली ते लिहिलेलं नसतं.

पायरी ६: उल्लेख का केलाय ते वाचा

ही पायरी लोक गाळतात आणि खरी मजा इथंच आहे. सगळ्यात जास्त सायटेशनवाले चार-पाच पेपर घ्या, 'साइटेड बाय' वर क्लिक करा आणि कोण काय म्हणतंय ते चाळा.

कधी पेपर म्हणजे नुसती मोजपट्टी असते. झुरिकच्या डिंडो, डेमार्टिन आणि क्लाव्हियन यांनी २००४ मध्ये ६,३३६ पेशंटवर तपासून ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतींची प्रतवारी मांडली, त्रास निस्तरायला काय करावं लागलं त्यावरून ग्रेड, पुन्हा ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी लागली तर तिसरी, आयसीयू लागलं तर चौथी, मृत्यू झाला तर पाचवी. आता कुठल्याही ऑपरेशनवर पेपर लिहिणारा गुंतागुंती याच ग्रेडमध्ये देतो, म्हणून या पेपरला हजारो सायटेशन. उपयोग प्रचंड आहे, पण कुठलं ऑपरेशन चांगलं हे तो सांगत नाही.

कधी उल्लेख विरोधातला असतो. चेकलिस्टच्या त्या पेपरमध्ये ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत, त्यात दिल्लीही होती, मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले होते. २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला, त्यात चेकलिस्ट सक्तीची केल्यावर मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. या दुसऱ्या पेपरने पहिल्याचा उल्लेख केला आणि पहिल्याच्या खात्यात एक सायटेशन जमा झालं. मोजणाऱ्याला कौतुक आणि शंका सारखीच.

पायरी ७: मागे घेतलेले पेपर

हे मात्र विसरू नका. पाओलो माकियारिनी हा स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का या वैद्यकीय संस्थेत नाव कमावलेला सर्जन, स्टेम सेल लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका बसवल्याचा त्याचा २०११ चा पेपर लॅन्सेटसारख्या जर्नलमध्ये आला होता. पेशंट दगावले, चौकशा झाल्या, लॅन्सेटने तो पेपर २०१८ मध्ये मागे घेतला, २००८ चा आधीचा पेपरही २०२३ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी स्वीडनच्या अपील कोर्टाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. त्या पेपरांची सायटेशन मात्र पुसली जात नाहीत, ती आहेत तिथंच आहेत.

पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरवर तशी ठळक सूचना असते, पण ती पेपर उघडल्याशिवाय लक्षात येईलच असं नाही. म्हणून नाव एकदा रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या, डेटाबेसमध्ये टाकून बघा, फुकट आहे. एखादा पेपर सापडला तर लगेच चोर ठरवू नका, साध्या चुकीमुळे लेखकाने स्वतःहून मागे घेतलेलेही असतात, कारण तिथंच लिहिलेलं असतं, ते वाचा.

हे सगळं करून कुठं लिहिणार असाल, तर आकड्याशेजारी डेटाबेसचं नाव आणि बघितल्याची तारीख टाका, पुढच्या महिन्यात कुणी पडताळायला गेलं तर आकडा बदललेला असणार.