घरी ग्रीटिंग कार्ड बनवायचंय? आधी घडी जमवा, सजावट नंतर

कार्ड बनवायचं म्हटलं की लोक आधी मोती, ग्लिटर, रिबिनी गोळा करतात, पण खरं सांगू का, कार्ड हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवते ती घडी आणि कागद. तिथे जीव ओता, बाकीचं सोपं आहे.

बेससाठी २५० ते ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद घ्या. प्रिंटरचा साधा कागद साधारण ७०-८० जीएसएमचा असतो, त्याचं कार्ड उभंच राहत नाही. ए४ शीट मधोमध आडवं कापलं की १४८ × २१० मिमीचे दोन तुकडे मिळतात, प्रत्येकाची १०५ मिमीवर घडी घातली की झाली दोन कार्डं, आणि ती सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) आरामात बसतात.

आता घडी. कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने असतात, त्या दिशेने घडी घातली तर कडक बसते आणि उलट घातली तर कडेला कागद फुटून पांढरं दिसायला लागतं, गडद रंगात तर फारच. ओळखायचं कसं तर शीट न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या वाकवण्यात कागद सहज वाकतो, तिथे घडीची रेघ जशी पडेल तशीच धाग्याची दिशा. मग स्टीलची पट्टी धरून बोन फोल्डरने (घडीची रेघ दाबायचं बोथट टोकाचं अवजार), नसेल तर शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून ओढा, दोन-तीनदा हलक्या हाताने, एकदाच जोर लावू नका. रेघेचा खड्डा घडीच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचा आणि फुगवटा आत. उलटं वाटेल, पण अशीच घडी नीट बसते.

वरचे थर लावताना प्रत्येक थर चारही बाजूंनी ३ मिमी लहान ठेवा, म्हणजे १०५ × १४८ च्या कार्डावर ९९ × १४२ चा रंगीत कागद. एवढ्या बारीक बॉर्डरनेच कार्ड एकदम देखणं होतं. पांढरा गम मोठ्या कागदाला नकोच, त्यात पाणी असतं, कागद फुगून लाटा येतात. तिथे डबल साइड टेप किंवा ग्लू स्टिक वापरा, गम फक्त टिकल्या, क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या) कागदी पट्ट्या असल्या बारीक कामाला, तोही टूथपिकच्या टोकाने. एखादं फूल उठून दिसायला हवं तर खाली फोम टेपचे तुकडे लावा.

पॉप-अप, म्हणजे कार्ड उघडलं की आतलं चित्र उभं राहतं तो प्रकार, मला सगळ्यात आवडतो. आतल्या बाजूसाठी पातळ कागद घ्या, घडी घालून घडीच्या कडेपासून आत ३ सेमीचे दोन समांतर काप द्या, मधली पट्टी आतल्या बाजूला ढकला, झाली पायरी. तिच्या समोरच्या बाजूवर चित्र चिकटवायचं, पण पायरीच्या खालच्या कडेपासून मोजून ७ सेमीच्या वर नेऊ नका, नाहीतर कार्ड बंद केल्यावर बाहेर डोकावेल. मग हा कागद बेसच्या आत लावा, म्हणजे मागचं भोक झाकलं जातं, फक्त पायरीच्या मागे टेप लागू देऊ नका.

मजकूर मात्र सगळं चिकटवायच्या आधीच लिहा, सपाट कागदावर अक्षर नीट येतं आणि चुकलं तर तेवढाच तुकडा बदलता येतो.