गाडीच्या पुढच्या काचेवरचा टवका घरी कसा भरावा

मोटारीची पुढची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पारदर्शक थर दाबून बसवलेला असतो आणि त्यामुळेच दगड लागला तरी ती काच अंगावर न कोसळता जागच्या जागी राहते. खडी वाहून नेणाऱ्या डंपरमधून उडालेल्या खड्याने बहुधा फक्त बाहेरच्या काचेचा टवका उडतो, आणि घरी करता येते ती दुरुस्ती एवढ्याच इजेची. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेल्या, असतात. त्या फुटल्यावर त्यांचा चुरा होतो, म्हणून त्यांना हा उपाय लागू नाही.

टवका साधारण २५ मिलिमीटरच्या आत असेल तरच घरी हात घालावा. लांब तडा, काचेच्या कडेपर्यंत पोचलेला तडा, आतल्या काचेला किंवा मधल्या थराला झालेली इजा, तसेच चालकाच्या थेट नजरेसमोरची खूण यांसाठी जाणकार कारागिराकडेच जावे. दुरुस्तीनंतरही पुसटसा डाग राहतो आणि रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात तो डोळ्यांना त्रास देऊ शकतो.

खडा लागल्याबरोबर त्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. हे काम क्षुल्लक वाटले तरी माझ्या मते पुढचे यश त्यावरच अवलंबून असते, कारण भेगेत एकदा धूळ, साबण किंवा पावसाचे पाणी शिरले की रेझिन, म्हणजे भेग भरणारा चिकट पारदर्शक द्रव, काचेला नीट धरत नाही. पावसाळ्यात तर गाडी छपराखाली आणून काच पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबावेच लागते. घाई असल्यास हेअर ड्रायरची मंद हवा दुरून द्यावी आणि काच पुन्हा निवू द्यावी. गरम काचेवर एकदम एसीचा गार झोत किंवा थंड पाणी पडले तर तडा पसरतो.

बाजारात विंडशील्ड दुरुस्तीचा संच मिळतो. त्यात अतिनील किरणांनी घट्ट होणारे रेझिन, ते भेगेत दाबणारी नळी, नळी काचेवर धरून ठेवणारे रबरी पकड-साधन, पारदर्शक पट्ट्या आणि पाते असते. झटपट चिकटणारा घरगुती गोंद मात्र कधीही वापरू नये. त्याने भेग बुजून बसते आणि नंतर तिच्यात रेझिन शिरत नाही.

गाडी सावलीत उभी करून, हातमोजे आणि चष्मा घालून, टवक्यातले सुटे काचकण टाचणीने हलकेच काढावेत. नळीचे तोंड बरोबर टवक्यावर येईल असे साधन बसवावे, संचात सांगितलेले रेझिनचे थेंब सोडावेत आणि नळीतला दट्ट्या सावकाश फिरवून दाब द्यावा. नंतर दट्ट्या मागे घेतला की भेगेतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि तिच्या जागी रेझिन उतरते. दाब देणे आणि हवा ओढणे हा क्रम, काचेच्या आतून पाहिल्यावर भेगेच्या टोकांपर्यंत काळी किंवा चंदेरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा करावा. तशी रेघ म्हणजे आत अडकलेली हवा. हे सारे सावलीतच व्हायला हवे, कारण ऊन लागताच रेझिन घट्ट होऊ लागते आणि अर्धवट भरलेली भेग तशीच राहते.

मग साधन काढून वरच्या खळग्यात रेझिनचा एक थेंब टाकावा, त्यावर पट्टी बुडबुडा न राहता बसवावी आणि गाडी संचात दिलेल्या वेळेपुरती उन्हात ठेवावी. ढगाळ हवेत वेळ वाढवावा. पट्टी काढल्यावर वर आलेले रेझिन पाते काचेला काटकोनात धरून खरवडावे. पाते तिरपे धरले तर खळग्यातले रेझिनही उपटून येते.

गाडी त्याच दिवशी धुऊ नये आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर नेऊ नये. पुढचे काही आठवडे खुणेच्या टोकांवर लक्ष ठेवावे. तिथून बारीक रेघ पुढे सरकताना दिसली तर पुन्हा रेझिन भरत न बसता काच बदलून घ्यावी.