लेखाखाली मॅस्टोडॉनचे रिप्लाय: निवड तुमच्या हातात ठेवून

ह्यूगो किंवा जेकिल या साइट बांधणाऱ्या साधनांवर बनवलेली साइट म्हणजे नुसत्या एचटीएमएल फायली. मागे डेटाबेस नाही, म्हणून प्रतिक्रिया ठेवायला जागाही नाही. त्यावर तोडगा असा: प्रत्येक लेखाची एक पोस्ट मॅस्टोडॉनवर, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमावर, टाकायची आणि तिला आलेले रिप्लाय लेखाखाली दाखवायचे. वाचकाला तुमच्याकडे खातं उघडावं लागत नाही. निपाणीतला वाचक एका सर्व्हरवर असेल, पुण्यातला दुसऱ्या. दोन्ही सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब ही एकच भाषा बोलतात, त्यामुळे दोघांचे रिप्लाय तुमच्या पोस्टला येऊन मिळतात. हा प्रोटोकॉल २०१८ सालापासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या शिफारशीत आहे.

क्रम उलटा करू नका. समजा, बेळगावजवळच्या राजहंसगडावर लिहिलंय; तो लेख आधी प्रसिद्ध करा, मग त्याची लिंक देऊन मॅस्टोडॉनवर सार्वजनिक पोस्ट टाका. मर्यादा साधारणपणे ५०० अक्षरांची असते आणि लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरंच धरली जातात. मग पोस्टच्या पत्त्यातला शेवटचा लांबलचक आकडा उचलून लेखाच्या फ्रंट मॅटरमध्ये (फाइलीच्या डोक्यावरच्या माहितीत) लिहा आणि साइट पुन्हा चढवा.

या आकड्यापाशीच बहुतेकांचं अडतं. तो तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरूनच घ्यायचा, कारण तीच पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवरून उघडली तर आकडा वेगळा दिसतो. शिवाय तो अवतरण चिन्हांतच लिहायचा. आकडा साधारण १८ अंकी असतो आणि जावास्क्रिप्टला ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके धरता येत नाहीत. अवतरणं विसरलात तर शेवटचे अंक गुपचूप बदलतात आणि 'पोस्ट सापडली नाही' असं उत्तर येतं. डोळ्यांना आकडा बरोबरच वाटतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. पोस्टमध्ये शुद्धलेखनाची दुरुस्ती करायची असेल तर 'एडिट' वापरा. 'डिलीट अँड रीड्राफ्ट' केलंत की नवा आकडा मिळतो आणि जुने रिप्लाय तुटतात.

रिप्लाय मागवायचा पत्ता असा बनतो: सर्व्हरचं नाव, मग एपीआय, व्ही१, स्टेटसेस, तुमचा आकडा आणि शेवटी कॉन्टेक्स्ट; प्रत्येकाच्या मध्ये तिरपी रेघ. उत्तरात दोन याद्या येतात: अँसेस्टर्स (वरच्या पोस्ट) आणि डिसेंडंट्स (खालचे रिप्लाय). आपल्याला दुसरीच हवी.

ही मागणी वाचकाच्या ब्राउझरमधून थेट करता येते. बरेच सर्व्हर सार्वजनिक पोस्टसाठी टोकन (खात्याची गुप्त किल्ली) मागत नाहीत, पण बिनटोकन मागणीला ६० पर्यंतच रिप्लाय मिळतात. पद्धत सोपी आहे, तरी आपल्याकडे बेळगावात तिच्यावर विसंबू नये. सीमाप्रश्नावर किंवा दुकानांच्या पाट्यांवर लिहिलंत की १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सवाच्या) आसपास कोण काय लिहील सांगता येत नाही, आणि थेट पद्धतीत ते त्याच क्षणी तुमच्या पानावर उमटतं. त्या माणसाला मॅस्टोडॉनवर ब्लॉक केलंत तरी तो फक्त तुम्हाला दिसेनासा होतो. बिनटोकन मागणीला त्याचा रिप्लाय मिळतच राहतो. शिवाय जांबोटी-कणकुंबीकडे नेटवर्क धड नसतं. तिथल्या वाचकाला लेख दिसतो आणि खाली चक्र फिरत राहतं.

म्हणून साइट बांधतानाच रिप्लाय आणा. मॅस्टोडॉनच्या प्रेफरन्सेसमध्ये डेव्हलपमेंट या पानावर नवं ॲप्लिकेशन बनवा आणि त्याला फक्त 'रीड स्टेटसेस' एवढीच परवानगी द्या. मिळालेलं टोकन गिटहब ॲक्शन्स या आपोआप बांधणी चालवणाऱ्या सेवेच्या सीक्रेट्समध्ये ठेवा. पानाच्या कोडमध्ये ते चुकूनही जाऊ देऊ नका. छोट्या स्क्रिप्टनं रिप्लायची जेसन फाइल (साधी डेटा फाइल) ह्यूगोच्या डेटा फोल्डरमध्ये उतरवायची आणि टेम्प्लेटनं ती वाचायची. टोकन असलं की ६० ची मर्यादा ४०९६ वर जाते. त्याहून मोठा फायदा म्हणजे प्रत्येक रिप्लायसोबत 'फेव्हरिटेड' ही खूण येते, म्हणजे तुम्ही त्याला चांदणी (फेव्हरिट) दिली आहे की नाही ते कळतं. ज्याला तुम्ही स्वतः चांदणी दिलीत तोच रिप्लाय दाखवायचा, असा नियम स्क्रिप्टमध्ये घाला. मंजुरीसाठी वेगळं काही बांधायला नको. फोनवरून चांदणी दिली की काम झालं.

इथे एक धोका आहे. टोकन तुमचं असल्यामुळे तुम्हाला खाजगीत आलेले रिप्लायही त्याच यादीत येतात. कुणी 'तुमच्यापुरतंच सांगतो' म्हणून लिहिलेल्या मजकुराला तुम्ही आपुलकीनं चांदणी दिलीत, की तो साइटवर जाईल. म्हणून 'व्हिजिबिलिटी' पब्लिक किंवा अनलिस्टेड असेल तेच रिप्लाय घ्या, बाकीचे फाइलीत उतरण्याआधीच गाळा. ही चाळणी टेम्प्लेटमध्ये ठेवली तर उपयोग नाही. रेपॉझिटरी (गिटहबवरचा साइटच्या फायलींचा साठा) सार्वजनिक असेल तर फाइल कुणीही उघडून वाचेल.

ही बांधणी रोज आपोआप चालवायचं वेळापत्रक गिटहब यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) धरतं. आपल्या सकाळी ६ साठी ००:३० टाका. सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहब हे वेळापत्रक बंद करतं. रिप्लायच्या वेळाही यूटीसीतच येतात, त्यात साडेपाच तास मिळवा. नाहीतर रात्री १ ला आलेला रिप्लाय आदल्या तारखेवर पडतो.

मांडणीत नाव आणि मजकूर यांना एकच वागणूक देऊ नका. मजकूर एचटीएमएल म्हणून येतो, तो डॉमप्युरिफायसारख्या चाळणीतून काढून मगच दाखवा. नाव मात्र साधी अक्षरं म्हणूनच छापा, कारण त्यात कुणी कोड लिहून ठेवला तर तो तुमच्या पानावर चालेल. तुमच्याच सर्व्हरवरच्या माणसाच्या पत्त्यात सर्व्हरचं नाव नसतं, ते जोडून घ्या. कोण कुणाला उत्तर देतोय हे 'इन रिप्लाय टू आयडी' वरून कळतं. ज्याच्या मूळ रिप्लायला चांदणी नाही तो पोरका होतो, त्याला सरळ लेखाखाली लावा. फोनवर दोनपेक्षा जास्त पायऱ्या आत सरकवू नका, मजकुराची चिंचोळी पट्टी होते.

बेळगावात एकाच लेखाखाली मराठी आणि कन्नड रिप्लाय येणारच. प्रत्येकासोबत भाषेचा संकेत येतो, तो त्या त्या रिप्लायच्या लँग या एचटीएमएल गुणधर्मात घाला: मराठीला एमआर, कन्नडला केएन. मराठी वळणाचे ल आणि श असलेला फॉन्ट या संकेतावरूनच ती वळणं निवडतो. हिंदीचा संकेत पडला तर अक्षरं हिंदी वळणाची दिसतात. फॉन्टच्या यादीत नोटो सान्स देवनागरीनंतर नोटो सान्स कन्नड ठेवा. काही जण मराठी लिहिताना भाषा इंग्रजीच ठेवतात, म्हणून देवनागरी मजकुरावर इंग्रजीचा संकेत दिसला तर स्क्रिप्टनं तो एमआर करावा.

खात्यात 'ऑटोमेटेड पोस्ट डिलीशन' चालू असेल तर आधी बंद करा, किंवा लेखांच्या पोस्ट बुकमार्क करून 'बुकमार्क केलेल्या ठेवा' हा पर्याय निवडा. सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत येतात, पोस्ट येत नाहीत. जुने रिप्लाय तिथेच राहतात. जेसन फायलींची प्रत घरच्या डिस्कवर असू द्या. कुणी आपला रिप्लाय पुसला तर तो पुढच्या बांधणीत पानावरून जातो, पण गिटच्या इतिहासात राहतो. म्हणून रेपॉझिटरी खाजगी ठेवलेली बरी.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावरही हे जमतं, पण तिथे मर्यादा ३०० अक्षरांची आणि लिंकच्या जागा बाइटमध्ये मोजलेल्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. स्क्रिप्ट अक्षरं मोजत असेल तर लिंक भलत्याच शब्दावर चिकटते. मजकूर आधी यूटीएफ-८ बाइटमध्ये बदलून मग कापा.

सगळं जमल्यावर दुसऱ्या दोन खात्यांवरून पोस्टला तीन रिप्लाय टाकून बघा: एक सार्वजनिक, एक खाजगी, आणि एक सार्वजनिक पण नावात कोनी कंस घातलेल्या खात्यावरून. तिन्हींना चांदणी द्या आणि बांधणी हातानं चालवा. पानावर दोनच दिसायला हवेत, कंस जसेच्या तसे छापलेले असावेत आणि फाइलीत खाजगीचा मागमूस नसावा.