जुन्या स्पोर्ट्स कारवर फायबरचा स्पॉयलर बसवायला घेणाऱ्यांसाठी

फायबरग्लासचा, म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांचा, मागचा स्पॉयलर (गाडीच्या मागच्या कडेवर वाऱ्याला वळवण्यासाठी लावलेला उठावाचा तुकडा) बसवण्याचे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सर्वांत आधी सांगते. एकही बोल्ट न लावता स्पॉयलर पत्र्यावर नुसता ठेवला असता तो जसा बसतो, तसाच तो शेवटपर्यंत बसलेला राहिला पाहिजे. बोल्टने त्याला जागेवर धरून ठेवावे एवढेच बोल्टचे काम. त्याला वाकवून जागेवर आणण्याची जबाबदारी बोल्टवर टाकली की पुढचे नुकसान ठरलेले आहे. वाचताना हे सोपे वाटते, पाना हातात आल्यावर पाळणे फार अवघड जाते, म्हणून बाकीचे थोडक्यात आटोपून मी याच गोष्टीवर सविस्तर लिहिणार आहे. ड्रिल कसे धरायचे, पॉलिश पेपर कोणत्या क्रमाने वापरायचा, रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते.

सगळे स्पॉयलर एका जातीचे नसतात. १९७२ च्या पॅरिस मोटर शोमध्ये पोर्शेने ९११ कॅरेरा आरएस २.७ मांडली, तेव्हा तिचा बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला स्पॉयलर इंजिनाच्या झाकणाचाच भाग होता. तशा प्रकारात सगळे झाकणच बदलायचे असते. बिजागऱ्या, कुलूप आणि भोवतीची फट जुळली की बरेचसे काम झाले. डॅटसन २४०झेडसारख्या गाडीवरचा स्पॉयलर मात्र स्वतंत्र तुकडा असतो आणि तो मागच्या दरवाजाच्या पातळ पत्र्यावर चढवावा लागतो. पीटर ब्रॉक यांच्या बीआरई या शर्यतीच्या संघाने ही गाडी घेऊन १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतील एससीसीए या स्पोर्ट्स कार क्लबच्या शर्यतींतील सी-प्रॉडक्शन गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि त्या गाड्यांच्या रूपाची भुरळ पडलेल्यांसाठी त्यांच्या स्पॉयलरच्या नकला आजही निघतात. मी लिहिते आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

नकलांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण अडचणीचे मूळ तिथेच आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते. मूळ स्पॉयलरवरून साचा काढला, त्या साच्यातून तुकडा काढला, मग त्या तुकड्यावरून आणखी कोणी साचा काढला, तर प्रत्येक पिढीत आकार थोडा बारीक होतो आणि वक्रता थोडी बिघडते. त्यातच तुकडा पुरता पक्का होण्याआधी साच्यातून काढून भिंतीला टेकवून ठेवला असेल तर तो पिळलेलाच राहतो. दुसरीकडे गाडीचा पत्राही पन्नास वर्षांचा आहे. तो कुठे तरी ठोकून सरळ केलेला असतो, कुठे त्यावर पुट्टी चढलेली असते. चुंबकावर पातळ कापड गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवा. जिथे ओढ कमी लागते तिथे खाली पुट्टी आहे, आणि तिथे भोक पाडायचे नाही. अशा दोन वाकड्या गोष्टी एकमेकांवर ठेवल्या की मध्ये फट राहणारच. फट दिसली म्हणून घाबरू नका आणि विकणाऱ्याशी भांडायलाही धावू नका. चांगल्या तुकड्यांनाही ती असते.

आता सापळा. ज्या कार्यशाळेत मी हे काम शिकले, तिथली रीत अशी होती की मधले बोल्ट आधी आवळायचे, मग टोकांचे, आणि उरलेली फट आवळत आवळत मिटवायची. फायबर लवचिक असते, ते ऐकते, असे तिथे सांगितले जाई, आणि त्या दिवशी ते खरेच ऐकते. फट मिटते, कड पत्र्याला चिकटते, रंग चढतो, गाडीभोवती फिरून सगळे समाधानाने मान हलवतात. पुढचा उन्हाळा आला आणि मी रंगवलेल्या स्पॉयलरवर बोल्टच्या जागी केसाएवढ्या बारीक रेषा दिसू लागल्या. मधल्या एका बिंदूपासून चारही बाजूंना फुटलेल्या त्या रेषा बोट फिरवले तर नखाला जेमतेम जाणवत. मी त्या रंगाच्या समजून घासल्या, पुन्हा रंग दिला, आणि त्या पुन्हा वर आल्या. तडा रंगात नव्हताच. तो जेलकोटमध्ये, म्हणजे तुकड्याच्या सर्वांत वरच्या थरात होता, आणि त्याच्याखाली सतत ताणाखाली असलेले फायबर होते. त्या दिवसांत या कामावरचा माझा विश्वास पार उडाला होता, आणि अजूनही दुसऱ्याच्या गाडीचा स्पॉयलर दिसला की माझी नजर आधी बोल्टच्या जागांकडे जाते.

असे का होते, ते नीट समजून घ्या, कारण कारण कळले की हात आपोआप आवरतो. जेलकोट म्हणजे तंतूंचा आधार नसलेला रेझिनचा थर; तो कडक आणि ठिसूळ असतो. त्याच्यामागचे मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, थर वाकतात, पण तो त्यांच्याइतका वाकू शकत नाही. बोल्टने तुकडा ओढून धरला की बोल्टच्या भोवती जेलकोट कायमचा ताणला जातो. त्यात ऊन भर घालते. गडद रंगाचा पत्रा कडक उन्हात ७० अंश सेल्सिअसच्या घरात सहज जातो, आणि साध्या पॉलिएस्टरचा तुकडा तेवढ्या तापमानाला नरम पडू लागतो. दिवसा तो नरम होऊन थोडा सरकतो, रात्री थंड होऊन तसाच ताठरतो, आणि हे रोज चालते.

शिवाय पोलाद आणि फायबर सारखे प्रसरण पावत नाहीत. पोलादाचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर लांबी वाढण्याचे प्रमाण, प्रति अंश सुमारे दशलक्षात १२ भाग आहे, तर मॅट आणि पॉलिएस्टरच्या तुकड्याचा साधारण त्याच्या दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त. १.३ मीटर लांबीचा स्पॉयलर धरला आणि तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर पोलाद सुमारे ०.८ मिलिमीटर वाढते आणि फायबर दीड-दोन मिलिमीटरपर्यंत. म्हणजे दोघांत जवळजवळ एक मिलिमीटरची तफावत पडते. मधला बोल्ट घट्ट आणि बाकीच्यांना सरकायला जागा असेल तर ही तफावत दोन्ही टोकांकडे अर्धी अर्धी वाटली जाते आणि कोणाला त्रास होत नाही. सगळे बोल्ट नेमक्या मापाच्या भोकांत आवळलेले असतील, तर ती जागा फायबर स्वतःला फोडूनच मिळवते. म्हणून पत्र्यातले मधले भोक नेमके ठेवा, आणि टोकांकडची भोके एम-६ च्या, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या, बोल्टसाठी आठ मिलिमीटरपर्यंत मोठी करा किंवा कानशीने आडवी लांबट करा. वर रुंद वॉशर आला की ती झाकली जातात.

एवढे सैल ठेवले तर स्पॉयलर उडून जाणार नाही का, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो, आणि तो रास्त आहे. हिशेब करून पाहा. ताशी १२० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा गतिक दाब सुमारे ६७० पास्कल असतो. स्पॉयलरचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर धरले आणि तो सगळा दाब त्यावर पडला असे मानले, तरी बल १३० ते १४० न्यूटन येते, म्हणजे साधारण चौदा किलोचे वजन. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी १८० ला तेच बल ३०० न्यूटनच्या आसपास जाईल. एम-६ चा एकटा बोल्टसुद्धा याच्या कितीतरी पट ओढ सहन करतो. स्पॉयलरवर खरा भार येतो तो मागचा दरवाजा बंद करणाऱ्या माणसाच्या हाताचा. लोक त्याला मूठ समजून त्यावरच दाब देतात. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे निक्षून सांगा.

तर मग जुळवायचे कसे? दरवाजा पूर्ण बंद करून, कुलूप लागलेल्या स्थितीत मापे घ्या. उघडा दरवाजा स्वतःच्या वजनाने किंचित पिळलेला असतो, आणि त्या अवस्थेत जुळवलेला तुकडा बंद केल्यावर पुन्हा फट दाखवतो. मध्यरेषा दरवाजाच्या कडांवरून काढण्याऐवजी कुलपाच्या जागेवरून काढा आणि दोन्हीकडच्या दिव्यांपासूनचे अंतर ताडून पाहा. जुन्या गाडीच्या कडा दोन्ही बाजूंना सारख्या क्वचितच असतात. स्पॉयलर जागेवर ठेवा, खोलीत अंधार करा आणि मागून टॉर्च धरा. जिथे प्रकाशाची रेघ दिसते तिथे फट आहे, आणि तिची जाडी त्या रेघेवरूनच कळते. त्यानंतर पातळ कागदाच्या पट्ट्या कडेखाली थोड्या थोड्या अंतरावर सरकवून एकेक ओढून पाहा. सहज निघते तिथे तुकडा अधांतरी आहे, अजिबात निघत नाही तिथे तो टेकून इतरांना वर उचलून धरतो आहे. टेकणारी जागा पॉलिश पेपरने थोडी उतरवली की अर्ध्या फटी आपोआप मिटतात. या टप्प्याला घाई करणारा माणूस पुढे दुप्पट वेळ देतो, यात मला आजवर अपवाद दिसलेला नाही.

तुकडा पिळलेला असेल तर त्याला ऊब द्या. हीट गन सतत फिरती ठेवून मागच्या बाजूने सावकाश तापवा, हात जेमतेम टेकवता येईल इतकेच. मग पत्र्यावर ठेवून वर वाळूच्या पिशव्या ठेवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. एका वेळी थोडेच सुधारते, पण जे सुधारते ते फायबरच्या अंगात ताण न ठेवता. उरलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीसाठी खरा उपाय म्हणजे बैठक, म्हणजे पत्र्याच्या आकाराशी जुळणारा रेझिनचा पाया. पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर प्लास्टिकची पॅकिंग टेप आणि वर साच्याला लावतात ते मेण, अशी पक्की झाकण घाला, कारण सांडलेले रेझिन रंग खाते. स्पॉयलरची खालची कड खरखरीत करा, बारीक चिरलेले काचतंतू घालून घट्ट केलेले रेझिन तिच्यावर पसरवा आणि तुकडा फक्त त्याच्या वजनाने टेकू द्या. दाबू नका. घट्ट झाल्यावर उचलला की गाडीच्या पत्र्याचा नेमका ठसा स्पॉयलरच्या पायथ्याला आलेला दिसतो, आणि त्यापुढे तो तुकडा दुसऱ्या कोणत्याही गाडीचा राहत नाही. बाहेर आलेले रेझिन कानशीने काढा. या एका कृतीने माझी भीती गेली, आणि तुमचीही जाईल.

या टप्प्यावर काही जण सांगतील की फट आहे तिथे सिलिकॉन भरा आणि पुढे चला. त्यांचे ऐकू नका. सिलिकॉनचा अंश जिथे पोचतो तिथे रंग धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि तो अंश तुम्ही पुसून काढला असे वाटले तरी निघालेला नसतो. दुहेरी चिकटपट्टीबद्दल माझे मत इतके कडक नाही. बुटक्या, हलक्या स्पॉयलरला आणि मूळ पत्र्याला भोक पाडायचे नसेल तर चांगल्या प्रतीची ॲक्रिलिक फोम टेप चालते, फक्त बैठक आधी तंतोतंत जुळलेली हवी. उंच स्पॉयलरला मात्र बोल्ट हवेतच.

भोके पाडताना दोन गोष्टी चुकवू नका. पहिले भोक तीन मिलिमीटरचे, मग टप्प्याटप्प्याने मोठे. आणि प्रत्येक भोकाची कड कानशीने साफ करून, उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर देऊन, तो वाळल्यावरच पुढचे काम. गंज स्पॉयलरच्या खाली लपून वाढतो आणि दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो. पत्रा आणि वॉशर यांच्यामध्ये रबरी चकती घाला. आवळताना, पोलादात एम-६ ला जिथे नऊ-दहा न्यूटन-मीटर देतात, तिथे फायबरमध्ये मी तीन-चारच्या पुढे जात नाही, आणि निसटू नये म्हणून आत नायलॉनचे कडे असलेले नट वापरते.

रंगकामाबद्दल थोडकेच. साच्याचे मेण आधी द्रावकाने धुऊन काढा आणि मगच घासा. उलट क्रमाने केले तर मेण ओरखड्यांत जाऊन बसते. घासताना पाणी वापरा, काचेच्या धुळीसाठी योग्य मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. हार्डनर हाताळताना चष्मा हवाच, कारण तो डोळ्यांत गेला तर कायमची इजा होऊ शकते. यात कसलीही सवलत नाही.

गुरूबद्दल विचारणारे बरेच भेटतात. ज्याचा हात चालतो पण जो कारण सांगत नाही, त्याच्याकडून हात शिका आणि कारण स्वतः शोधा. अमुक असेच करतात, एवढ्यावर जो थांबतो त्याने सांगितलेली रीत आपल्या गाडीवर वापरण्याआधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. जो तुमच्या हातात टॉर्च देऊन फट तुम्हालाच शोधायला लावतो, तो मिळाला तर त्याच्याकडे झाडू मारण्याचे काम असले तरी टिकून राहा.

बसवून झाल्यावर दरवाजा उघडून सोडून पाहा. वजन वाढल्यामुळे जुना आधारदांडा त्याला पेलत नसेल तर तो बदलावा लागतो, नाहीतर दरवाजा डोक्यावर येतो. दरवाजाची रबरी कडही तपासा. २४०झेडमध्ये ती जीर्ण असेल तर एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो, आणि स्पॉयलरसाठी दरवाजा खालीवर केला असेल तर तिची पकड बदललेली असते. पहिल्या काही आठवड्यांत, गाडी उन्हात तापून पुन्हा थंड झाल्यावर, नट हाताने चाचपा. सैल झालेला नट पुन्हा तेवढ्याच मापाने आवळा, आणि पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर जास्त आवळू नका. स्पॉयलर काढा, कागदाच्या पट्ट्या घ्या आणि बैठक कुठे सुटली आहे ते पाहा.