गच्चीवर कापडी बॅगेत मिरची-वांगी लावायची असतील तर

कुंडीत मूळ भिंतीला लागलं की गोल गोल फिरत बसतं, कापडी बॅगेत तसं होत नाही, कडेला हवा लागून टोक सुकतं आणि आतून नवीन बारीक मुळं फुटतात, म्हणून झाड तब्येतीनं वाढतं. पण आपल्या मराठवाड्यात खरी अडचण पाण्याची, कारण हेच कापड चारी बाजूनं पाणी उडवतं अन् मे मध्ये ऊन ४२ च्या वर जातं.

मिरची, वांगी, टमाट्याला १२ बाय १२ इंचाची बॅग घ्या, साधारण २० लिटर माती बसते. मेथी-कोथिंबिरीला ६ इंच खोली बास. नुसती काळी माती भरू नका बरं का, ओली झाली की फुगते, वाळली की आकसून कापड सोडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वरून मूठभर निंबोळी पेंड. वरची दोन इंच जागा मोकळी ठेवून तिथं सोयाबीनचं भुसकट पसरा, हे अजिबात टाळू नका.

पाणी सकाळी, हळूहळू, दोनदा थांबून. बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवा, खाली विटा, उन्हाळ्यात वर हिरवी नेट. बोअरचं जड पाणी असेल तर कापडावर पांढरे क्षार दिसतात, पावसाळ्यात बॅगा उघड्यावर ठेवल्या की बरेचसे धुऊन जातात.